चौसष्टपैकी त्रेपन्न

आलमबाग, लखनौ
१६ सप्टेंबर १९७९

प्रिय दादा,

जयभीम. हे तिसरं पत्र. पहिली दोन परत आली नाहीत, म्हणजे पोचली असणार. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे.

बाबा बरे आहेत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला की उठून बसतात, मग त्यांना आठवतं की आता जायचं नाही. दुपारी दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतात. परवा त्याला म्हणाले, "भैया, पवनी से कुछ?" तो म्हणाला, "बाबूजी, ये पवनी है कहाँ?" बाबांनी त्याला उन्हात उभं करून सगळा भंडारा जिल्हा समजावून दिला. त्याची थैली खांद्यावरच होती बिचाऱ्याच्या.

मला बढती मिळाली. आता दारावर नावाची पाटी आहे. विभागप्रमुख निगम साहेबांनी स्वतः शिफारस केली. संशोधन संस्थेत आपल्या समाजाची मी एकटीच आहे, आणि बायकांमध्ये तिसरी. हे तुला कळवावंसं वाटलं, कारण माझ्या एमएस्सीच्या फीसाठी तू शिक्षण सोडून कारखान्यात लागलास. मी ते विसरलेले नाही.

नुकसानभरपाईची केस हरून तू पवनीला निघून गेलास, त्याबद्दल एकदाच लिहिते. कंपनीचा वकील कोर्टात माझाच पेपर काढेल हे मला आधी माहीत नव्हतं. छापलेला कागद कुणीही वापरू शकतो. पेपरात एवढंच आहे की तुमच्या बीएचसी या कीटकनाशक पावडरीच्या कारखान्यातले त्रेपन्न कामगार अकरा महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासले. त्यांच्या रक्तात पावडरीचा अंश वाढलेला आढळला, पण नसांवर किंवा मेंदूवर परिणाम दिसला नाही. तपासलं तेव्हा जे दिसलं, ते लिहिलं. तुला झटके आले ते नंतर, अठ्ठ्याहत्तरमध्ये.

मी साक्षीला आले असते, पण संस्थेची परवानगी मिळाली नाही. सरकारी नोकरीत ती लागते, हे तुला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार. विड्या वळायचं काम त्यांनी धरलंय असं शामराव काकांकडून कळलं. त्या पानांच्या धुळीने खोकला येतो, तोंडाला फडकं बांधायला सांग.

तुझी,
कमल


आलमबाग, लखनौ
७ फेब्रुवारी १९८२

दादा,

जयभीम. मागच्या आठवड्यात हैदराबादला परिषदेला गेले होते. चहाच्या वेळी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ जवळ आले, माझ्या साडीवरचा बिल्ला वाचला आणि म्हणाले, "आप वही रामटेके हैं? रामटेके एंड निगम, सेवेंटी-सेवन?" मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आमच्या पुस्तकातला एक अख्खा धडा तुमच्या पेपरावर उभा आहे.

पुस्तक त्यांच्या पिशवीतच होतं. कारखान्यांत नेमलेल्या डॉक्टरांसाठी आहे ते. कामगाराच्या रक्तात बीएचसी कुठवर असलं तर काळजीचं कारण नाही, तो आकडा त्यात दिलाय. आकड्याखाली आमची नावं, माझं पहिलं. आता अशा कुठल्याही कारखान्यात एखाद्या माणसाचा हात थरथरायला लागला की तिथला डॉक्टर ते पान उघडणार.

तुला आवडणार नाही, पण खरं सांगते. आधी मला आनंद झाला. आपलं आडनाव कुणी हात जोडून उच्चारलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

परत आले तर हेमा माझ्या टेबलाशी बसलेली. ही मुलगी माझ्याकडे पीएचडी करते, हुशार आहे, कानपूरची. तिने जुनं फील्डचं रजिस्टर काढलं होतं. म्हणाली, "मॅडम, इसमें चौंसठ नाम हैं. पेपर में तिरपन. बाकी ग्यारह?"

"दूसरी जाँच में नहीं आए."

"क्यों नहीं आए?"

"फील्ड में ऐसा होता है, बेटा."

तिच्या हातून मी रजिस्टर घेतलं, माझ्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली. ती बघत होती.

तू म्हणशील, "का आले नाहीत ते तुला ठाऊक होतं." होतं. तूच सांगितलंस. कुणाला फावडं धरता येईना, कुणाला उभ्या उभ्या चक्कर यायची, दोघांना झटके आले होते. मी ते निगम साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जो आया नहीं, उसका ख़ून नहीं. जिसका ख़ून नहीं, उसकी टेबल में जगह नहीं." नियमाला धरून होतं ते. आणि मी एकतीस वर्षांची होते, पहिला मोठा पेपर होता, आणि ते म्हणाले होते, नाव तुझं पहिलं जाईल.

जे आजारी पडले ते कारखान्याबाहेर गेले. धडधाकट होते ते राहिले. मी धडधाकट माणसं मोजली आणि जगाला सांगितलं की आजारी कुणी नाही. एवढीच गोष्ट आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल.

पण दादा, तूही मोकळा नाहीस. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रविवारी तू व्हरांड्यात बसून मला म्हणालास, बोटांना मुंग्या येतात, हातातला चहा सांडतो. मी वही उघडली तर म्हणालास, "लिहू नको, मालक काढेल." मी नाही लिहिलं. त्या त्रेपन्न धडधाकटांत तू आहेस. क्रमांक एक, दयाराम, वय तेहेतीस, तक्रार नाही. ते मी तुझ्यासाठी केलं होतं. तुझी नोकरी राहावी म्हणून केलं होतं. आणि आज तू माझ्याशी बोलत नाहीस!

चार वर्षं मी मान खाली घालून लिहिते आहे. आज घालवत नाही.

कमल


आलमबाग
२३ नोव्हेंबर १९८२

दादा,

वहिनींचं कार्ड फेब्रुवारीअखेर आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचं पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर यांना झटका आला, कपाळ फुटलं. यापुढं पत्र धाडताना इचार करून धाडा."

विचार करायला नऊ महिने लागले.

परवानगी मिळाली नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी मागितलीच नाही. अर्ज टाइप केला होता, तुझ्या केसची तारीख घालून. तो घेऊन निगम साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी आत बोलावलं, विचारलं, "कहो कमल?" मी उंदरांच्या पिंजऱ्यांच्या ऑर्डरबद्दल बोलले आणि बाहेर आले. त्याच दिवशी अकरा वाजता तू चारबागच्या बाजूच्या त्या कोर्टात बाकावर बसून दरवाज्याकडे बघत होतास. हे मला बाबांनी सांगितलं. ते तुझ्याशेजारी होते.

बाबांनाही मी परवानगीचंच सांगितलं आहे. ते अजून लोकांना सांगतात, सरकारी नोकरी म्हणजे हातपाय बांधलेले.

कमल


आलमबाग, लखनौ
२० मार्च १९८५

प्रिय दादा,

जयभीम. तू कसा आहेस, हे शामराव काकांच्या पत्रांतून तुकड्यातुकड्याने कळतं. गोळ्या चालू आहेत, हे वाचून बरं वाटलं. त्या मध्येच बंद करू नकोस.

भोपाळनंतर सगळ्यांना एकदम आमची आठवण झाली आहे. समित्यांवर समित्या बसल्या. कीटकनाशकांच्या कारखान्यांत कामगाराच्या रक्तातली मर्यादा कायद्याने ठरवायची आहे, त्यासाठीच्या समितीत मला घेतलंय. दिल्लीला पहिली बैठक झाली. टेबलावर मसुदा होता. त्यातला आकडा माझाच, सत्त्याहत्तरचा. समोरचे एकेक जण बोलत होते आणि प्रत्येक जण मला माझंच लिहिलेलं ऐकवत होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर रामटेके तो यहीं बैठी हैं, इनसे बेहतर कौन बताएगा?" सगळे हसले. मी म्हटलं, आकड्याचा पुन्हा विचार व्हावा. ते म्हणाले, कुठल्या अभ्यासाच्या आधारे? माझ्याकडे दुसरा अभ्यास नव्हता. दुसऱ्या कुणीही तो केलेला नाही, कारण तो प्रश्न मी सोडवलेला आहे अशी सगळ्यांची समजूत आहे.

परत येऊन मी दुरुस्ती लिहिली. दीड पान. अकरा माणसं का गळली, ती धरली तर निष्कर्ष का टिकत नाही, एवढंच. ज्या मासिकात मूळ पेपर आला तिथे पाठवली. त्यांचं उत्तर आलं की सहलेखकाची संमती हवी.

म्हणून साहेबांकडे गेले. आता ते संस्थेत सर्वांत वर आहेत. त्यांनी दीड पान शांतपणे वाचलं, चष्मा काढला.

"तुम्हारा नाम पहले क्यों रखा था मैंने, मालूम है?"

"जी नहीं."

"ताकि कोई ये न कहे कि निगम ने लड़की का काम खा लिया. कमल, इस बिल्डिंग में लोग आठ साल से बैठे हैं कि कब कहें, देखा, कोटेवाली का काम. तुम ख़ुद जाकर उनके हाथ में दे दोगी?"

मी म्हटलं, "सर, वो लोग बीमार थे."

"बीमार आज भी होंगे. तुम्हारे काग़ज़ से अच्छे नहीं हो जाएँगे. और तुम्हारे बाद जो लड़कियाँ आएँगी तुम्हारी बस्ती से, उनके बारे में सोचा है?"

मला रडू आलं. ते दुष्ट असते तर आलं नसतं. मला सरकारी वसतिगृहाच्या अंधाऱ्या खोलीतून उचलून त्यांनीच प्रयोगशाळेत आणलं. माझं इंग्रजी त्यांनीच लाल शाईने सुधारलं. आणि लोकांबद्दल ते म्हणाले ते खरंच आहे, जेवणाच्या सुट्टीत माझ्या कानावर येतंच. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. सही केली नाही.

दीड पान माझ्या पर्समध्ये आहे. मूळ पेपर आठ वर्षांत कुठे कुठे जाऊन पोचला, आणि हे दीड पान जिना उतरत नाही.

बाबांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. हॉस्पिटलची तारीख मिळाली आहे.

तुझी,
कमल


आलमबाग, लखनौ
११ ऑक्टोबर १९८५

प्रिय दादा,

रामऔतार आठवतो? उंच हाडापेराचा, मलिहाबादकडचा, कारखान्यात पोती शिवायचा. रजिस्टरमध्ये अडतीस नंबर. अकरांपैकी एक. त्याने त्याच कोर्टात केस लावली. त्याचा वकील माझ्याकडे आला तेव्हा मी हो म्हटलं. या वेळी अर्ज खरोखर केला. नकार लेखी आला. मी किरकोळ रजा टाकली आणि गेले.

कंपनीचा वकील तोच, तुझ्या वेळचा. आता टक्कल पडलंय. त्याने पेपर माझ्या हातात दिला.

"डॉक्टर साहिबा, ये लेख आपका है?"

"जी."

"इसमें जो लिखा है, सच है?"

"जो लिखा है, सच है. जो नहीं लिखा..."

"जितना पूछा जाए, उतना." मग त्याने पुस्तकांची चवड काढली. एकेक पुस्तक उघडून, कुठे कुठे माझा पेपर आधार म्हणून घेतलाय ते वाचून दाखवलं. पाऊण तास चाललं होतं. माझी सगळी कीर्ती त्याने माझ्यासमोर रचली, आणि शेवटी विचारलं, "तो आप तब झूठ बोल रही थीं, या अब बोल रही हैं?"

मी म्हटलं, "तब चुप थी."

तो म्हणाला, "चुप रहने का ज़िक्र किसी किताब में नहीं है."

निकाल परवा लागला. कोर्ट म्हणतं, तज्ज्ञांनी तपासून छापलेला आणि सर्वत्र मान्य झालेला लेख हा त्याच लेखिकेने आठ वर्षांनी दिलेल्या तोंडी जबाबापेक्षा जास्त भरवशाचा आहे. म्हणजे रामटेकेबाईंपेक्षा रामटेके एंड निगम खरे. बाहेर रामऔतार पायरीवर बसला होता. त्याचं डोकं सारखं हलतं आता, नाही नाही म्हटल्यासारखं. मला म्हणाला, "डॉक्टर दीदी, आप इतनी बड़ी हो गईं कि आपकी बात आपसे भी नहीं कटती."

त्याने हे रागाने म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

संस्थेने खुलासा मागितला आहे. समितीतून माझं नाव वगळलं. मला लायब्ररीत बसवलंय, जुन्या मासिकांची सूची करायला. हेमाला दुसऱ्या गाइडकडे दिलं. जायच्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, चाबी दीजिए." मी दिली. तिने कपाटातून ते रजिस्टर काढलं आणि दोन दुपारी बसून चौसष्टच्या चौसष्ट नावं, वय, गाव, सगळं कोऱ्या वहीत उतरवून मला दिलं. म्हणाली, अलमारी तो अब आपकी रहेगी नहीं.

बाबांना मी खरं सांगितलं. तुझ्या केसच्या वेळी अर्ज केलाच नव्हता, हे. ते म्हणाले, "दयाला माहीत आहे?" मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी लिहिलं. ते म्हणाले, "मग मलाच शेवटी सांगितलंस," आणि उठून बाहेर गेले.

कमल


आलमबाग, लखनौ
२ मार्च १९८६

प्रिय दादा,

जयभीम. दर रविवारी वही घेऊन बाहेर पडते. अकरांपैकी सात सापडले. दोघे वारले, दोघांचा पत्ता लागत नाही. आलमबागच्या बसअड्ड्यावर एक जण शेंगदाणे विकतो, दोघे मलिहाबादला आंब्याच्या बागांची राखण करतात. त्या बागांत भुनगा नावाच्या किडीवर तीच पावडर मारतात, दादा. त्या दिवसांत हे दोघे घरी बसतात, मजुरी बुडवून. म्हणतात, वासच पुरतो.

हेमाची एक मैत्रीण मेडिकल कॉलेजात आहे, ती गुपचूप रक्त तपासून देते. सगळ्यांची नीट तपासणी लिहून ठेवते आहे. निगम साहेबांची सही लागणार नाही, कारण ही दुरुस्ती नाही, हा नवा पेपर आहे. हे सुचायला मला वर्ष लागलं.

जे त्रेपन्न राहिले, त्यांचं पुढे काय झालं तेही हवं. त्यात पहिला तू आहेस.

मी १२ एप्रिलला नागपूरला उतरेन आणि तिथून एसटीने पवनीला येईन. येऊ नको म्हणायचं असेल तर वहिनींना एक ओळ लिहायला सांग. काहीच आलं नाही तर मी येते असं समज.

कमल


आलमबाग, लखनौ
४ मे १९८६

प्रिय दादा,

तू समोर होतास तरी हे लिहिते आहे, कारण समोर बोलता आलं नाही.

मला वाटलं होतं तू दार लावून घेशील. तू खाटेवर बसलेला होतास, स्वच्छ सदरा घालून. वहिनी म्हणाल्या, सकाळपासून बसलेत. तू इतका वाळला असशील असं मला कुणी लिहिलं नव्हतं. बाबांचा चेहरा आलाय तुझ्यावर.

मी सामान काढलं, तुझी बाही वर केली. तुझा हात थरथरत होता. दहा वर्षांत मी शेकडो माणसांचं रक्त काढलंय, पण त्या दिवशी दोनदा सुई चुकली. वहिनींनी येऊन तुझा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. तेव्हा तू आठ वर्षांनी माझ्याशी बोललास.

"आता तरी खरं लिवशील?"

"लिहीन."

"छापतील?"

"माहीत नाही."

"मंग रगत कायले काढतेस?"

मी सुई खाली ठेवली. वहिनी तुझ्याकडे बघत होत्या. बाहेर कुणाची तरी सायकल घसरली, पोरं हसली, तेवढं ऐकू आलं. मग तू दुसरा हात पुढे केलास आणि म्हणालास, "याच्यातून निघते. काढ."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तू मला बरोबर नेलंस, पण चार पावलं पुढेच चालत होतास. जेवताना बोलला नाहीस. एसटीवर सोडायला आला नाहीस. मी काही मागत नाही. एवढंच सांगते की परतीच्या सगळ्या प्रवासात मी नळीवरचं तुझ्या नावाचं लेबल परत परत बघत होते, पुसलं तर जाणार नाही ना म्हणून.

निकाल तुला कळवायला हवेत. रक्तातला अंश अजूनही पुस्तकातल्या मर्यादेच्या आत आहे. म्हणजे त्या पुस्तकाप्रमाणे तुला काहीही झालेलं नाही. मर्यादाच चुकीची आहे, याचा याहून मोठा पुरावा मला कुठे मिळणार होता.

पेपर लिहून झाला. मोठी मासिकं घेणार नाहीत, दोघांना सारांश आधीच पाठवला होता, तो परत आला. "रामटेके यांच्या मूळ निष्कर्षांशी विसंगत," असं एकाने लिहिलं. नागपूरहून एक छोटी पत्रिका निघते, सार्वजनिक आरोग्याची, तिचे संपादक श्रीपाद गोखले म्हणून आहेत. ते म्हणाले, पाठवा, बघू.

आमच्यात पेपर छापण्याआधी एखाद्या जाणकाराकडे तपासायला पाठवतात. तो चुका काढतो, आणि लेखकाने त्या मुकाट्याने दुरुस्त करायच्या असतात. पहिल्या पेपरच्या वेळी तो दिल्लीच्या एका मोठ्या माणसाकडे गेला होता. त्याने स्वल्पविराम सुधारले.

हा मी तुझ्याकडे पाठवते आहे. सगळा मराठीत उतरवलाय, सात पानं. वहिनींकडून वाचून घे. चुकलं असेल तिथे सांग.

तुझी,
कमल


आलमबाग, लखनौ
२२ जून १९८६

प्रिय दादा,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. वहिनींचं अक्षर, पण वाक्यं तुझी. बाबांनी पाकीट फोडायच्या आधी बराच वेळ हातात धरून ठेवलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जाड चष्मा मिळालाय. म्हणाले, मी वाचतो. आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पान दोन. चौसष्ट चूक आहे. पासष्ट लिही. आजारी अकरा नाही, बारा. महावीर मिक्सरवर होता. रक्त घ्यायला तू आलीस त्याच्या आठ दिवस आधी तो मिक्सरपाशीच पडला, तोंडाला फेस आला, दिवस मावळायच्या आत मेला. त्याचं नाव हजेरीतून खोडलं. मालक म्हणाला, डॉक्टरणीला कुणी सांगितलं तर सगळ्यांची छुट्टी. माणसं भेली होती, रक्त द्यायला कुणी तयार नव्हतं. मी त्यांना म्हणालो, माझी बहीण आहे, मी पहिला देतो. तुला महावीरचं सांगितलं नाही. आठ वर्षं तुझ्याशी बोललो नाही ते फक्त तुझ्या पेपरामुळं नाही. बाकी बरोबर आहे."

बाबा "बाकी बरोबर आहे"पर्यंत वाचत आले आणि मग चष्मा पुसायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तू आठ वर्षं तिथे आणि मी इथे, एकाच खोलीत कोंडल्यासारखे होतो, दादा. मला वाटत होतं, कडी फक्त माझ्याच बाजूने आहे.

मी मलिहाबादला गेले. त्या दोघा राखणदारांना विचारलं. त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग म्हणाले, हाँ, महावीर. त्याची बायको माहेरी गेली, नंतरचं कुणाला माहीत नाही. दशहरीचा हंगाम आहे, निघताना त्यांनी पिशवीभर आंबे दिले. मी ते बादलीत घालून चार वेळा धुतले.

दुसऱ्या पानावर पासष्ट केलं, बारा केलं, महावीरचं सगळं तू सांगितलंस तसं लिहिलं. गोखल्यांचं लगेच पत्र आलं. म्हणाले, पेपर घेतो, पण हा बारावा माणूस काढा. त्याचं रक्त नाही, हजेरीत नाव नाही, दाखला नाही. आधार काय?

मी उत्तर लिहिलं की आधार आहे. आमच्या शास्त्रात त्यासाठी एक जागा असते. जे छापलेलं नाही, पण ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने स्वतः सांगितलंय, ते त्याच्या नावाने लिहिता येतं. मोठमोठे प्राध्यापक एकमेकांची नावं अशी घालतात. मग कामगाराचं का चालू नये, असं विचारलं. आठवडाभर काही आलं नाही. काल आलं. त्यांनी मानलं.

ऑगस्टच्या अंकात येईल. त्या पत्रिकेच्या तीनशे प्रती निघतात. दिल्लीच्या समितीने आकडा होता तोच ठेवलाय, आणि हैदराबादच्या त्या गृहस्थांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती माझ्याच लायब्ररीत आली. मीच तिला नंबर टाकला. आतला धडा तसाच आहे. मी अजून त्या लायब्ररीतच आहे, आणि बहुतेक रिटायर होईपर्यंत असेन. हे तुला खोटं गोड करून सांगत नाही.

पेपरच्या शेवटी संदर्भांची यादी असते, कुणाच्या आधारावर काय म्हटलंय त्याची. या यादीत बारा छापील लेख आहेत, त्यांत माझा सत्त्याहत्तरचाही आहे, चुकीचा म्हणून दाखवलेला. तेरावा संदर्भ इंग्रजीत आहे, तुला मराठीत देते. तपासून बघ, स्पेलिंग मी गोखल्यांना फोनवर दोनदा सांगितलंय:

१३. रामटेके, दयाराम भाऊराव. कारखाना कामगार. तोंडी माहिती, पवनी, जून १९८६.

तुझी,
कमल